निरंक अहवालांची साडेतीन दशकं

१९९० सालच्या मार्चमध्ये उल्हासनगरात दहावीची परीक्षा चालू असताना एक तरुण परीक्षा केंद्रात घुसला आणि रिंकू पाटील या विद्यार्थिनीला त्याने पेट्रोल ओतून जाळून मारलं. त्या बातमीने महाराष्ट्रभर मुलींच्या आईबापांची झोप उडाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी एका कायद्यावर सही केली. त्या कायद्यामागेही एका विद्यार्थिनीचा खून होता.

जीन क्लेरी ही १९ वर्षांची मुलगी पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात राहत होती. ५ एप्रिल १९८६ च्या पहाटे त्याच विद्यापीठातला एक विद्यार्थी तिच्या खोलीत शिरला आणि बलात्कार करून त्याने तिचा जीव घेतला. वसतिगृहाची दारं आपोआप कुलूप लागणारी होती, पण जाण्यायेण्याच्या सोयीसाठी ती अडकवून उघडी ठेवलेली होती. कॉनी आणि हॉवर्ड क्लेरी या तिच्या आईवडिलांना नंतर समजलं की आधीच्या तीन वर्षांत याच विद्यापीठात ३८ हिंसक गुन्हे घडले होते. लेकीचा प्रवेश घेताना त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विद्यापीठावर दावा लावला, तडजोडीत भरपाई मिळवली, संस्था काढली आणि कायद्यासाठी सरकारदरबारी खेटे घातले. पुढे हा कायदा त्यांच्या मुलीच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

कायद्यातली मागणी साधी आहे. सरकारी शिष्यवृत्ती-कर्जाचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजने दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांचे गुन्ह्यांचे आकडे छापायचे: खून, बलात्कार, लुटालूट, घरफोडी असे प्रकारवार. आवारातले वेगळे, वसतिगृहातले वेगळे, लगतच्या रस्त्यावरचे वेगळे. कॉलेजचं स्वतःचं सुरक्षा खातं असेल तर रोजची नोंदवही ठेवायची आणि मागेल त्याला दाखवायची. धोका चालू असेल तर विद्यार्थ्यांना वेळेत सावध करायचं. हे आकडे आज अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. जालना जिल्ह्यातल्या, जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीत बसलेला बापही मोबाईलवर ते पाहू शकतो. पण त्याची मुलगी ज्या जालन्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजात जाणार आहे, तिथले असे आकडे त्याला मिळत नाहीत. असं का झालं, याचा इतिहास साडेतीन दशकांचा आहे.

आपल्याकडे कॉलेजच्या आवारातली हिंसा काही नवी नव्हती. १९८९ मध्ये मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वैरातून ओवेन डिसोझा या एनएसयूआयच्या, म्हणजे काँग्रेसच्या विद्यार्थी संघटनेच्या, कार्यकर्त्याचा खून झाला. त्यावर सरकारने शोधलेला इलाज म्हणजे निवडणुकाच बंद करणं. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट मतदानाऐवजी गुणवत्तेवर विद्यार्थी प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. कोणत्या कॉलेजात किती हाणामाऱ्या झाल्या, हत्यारं कुठून आली, तक्रारींचं काय झालं, याचा तक्ता कुणी मागितला नाही आणि कुणी दिला नाही.

मुळात गुन्हा मोजण्याचं आपलं एकक पोलीस ठाणं आहे. ब्रिटिश काळापासून चालत आलेली ही घडी. टेंभुर्णीतली मारामारी टेंभुर्णी ठाण्याच्या रजिस्टरला चढते, विद्यापीठाच्या आवारातली चोरी संभाजीनगरच्या बेगमपुरा ठाण्यात. ती वसतिगृहात घडली की बाजारात, हे फिर्यादीच्या मजकुरात असतं. वर्षअखेरच्या तक्त्यात ते उरत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या जाडजूड वार्षिक खंडांत राज्यं सापडतात, मोठी शहरं सापडतात, कॉलेज सापडत नाही. पोलिसांना हे वेगळं मोजण्याची गरज वाटली नाही आणि विद्यापीठांना मोजण्याची सक्ती नव्हती.

सक्तीची सुरुवात रॅगिंगपासून झाली. १९९६ च्या नोव्हेंबरात तमिळनाडूतल्या अण्णामलै विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या एका मुलाचा वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याने खून केला. त्या राज्याने पुढच्याच वर्षी रॅगिंगबंदीचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९९९ मध्ये आला. कायदा छोटासा, पण कडक. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरला की कॉलेजातून हकालपट्टी आणि पाच वर्षं कुठेही प्रवेश नाही. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांच्यापैकी कुणी लेखी तक्रार केली तर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य आढळलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे धाडायची, तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. टाळाटाळ करणारा प्राचार्य स्वतःच गुन्ह्याला मदत करणारा धरला जाईल, असंही त्यात लिहिलं.

यातल्या ‘लेखी’ या अटीवर पुढची वीस वर्षं बरंच काही अडलं. कागद हातात आला की प्राचार्यावर सात दिवसांची टांगती तलवार. कागद आलाच नाही तर काहीच नाही. मग कागद येऊ न देण्याकडे कल झुकणं स्वाभाविक होतं. मुलाला केबिनमध्ये बोलवायचं, दोन्हीकडच्यांना समजावायचं, ‘करिअरचा प्रश्न आहे’ म्हणायचं, प्रकरण आपसात मिटवायचं. यात प्रत्येक वेळी वाईट हेतूच असतो असं नाही. कित्येक प्राचार्यांना मनापासून वाटतं की आपण दोन मुलांचं आयुष्य वाचवलं. पण नोंद होत नाही आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलाला मागचं काहीच कळत नाही. शिवाय वर्षाला किती तक्रारी आल्या हे जाहीर करण्याची सक्ती या कायद्याने कुणावर घातली नव्हती.

देशपातळीवर न्यायालय पुढे सरकत होतं. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘विश्व जागृती मिशन’च्या याचिकेवर मार्गदर्शक सूचना दिल्या. त्या कागदावरच राहिल्या म्हणून सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांची समिती नेमावी लागली. समितीचा अहवाल आला आणि मे २००७ मध्ये न्यायालयाने तिच्या शिफारशी उचलून धरल्या. तरी ८ मार्च २००९ ला हिमाचल प्रदेशात कांगडा जिल्ह्यातल्या टांडा वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वरच्या वर्गातल्या मुलांच्या मारहाणीत गेला. त्याच वर्षी जूनमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम आले.

आज कॉलेजांत दिसणारी सगळी चौकट या विनियमांची आहे: रॅगिंगविरोधी समिती, भरारी पथक, दर्शनी भिंतीवरचे फलक, विद्यार्थी आणि पालक या दोघांची हमीपत्रं. त्याहून महत्त्वाची होती ती अहवालांची शिडी. नव्या वर्षाचे पहिले तीन महिने प्रत्येक संलग्न कॉलेजने दर आठवड्याला आणि नंतर दर महिन्याला कुलगुरूंना अहवाल द्यायचा. कुलगुरूंनी दर पंधरा दिवसांनी राज्यस्तरीय कक्षाला. कागदावर पाहिलं तर इतकी बारीक नोंद अमेरिकेतसुद्धा नव्हती. तिथल्या कायद्यात हेझिंगचा, म्हणजे तिकडच्या रॅगिंगचा, आकडा देण्याची सक्ती डिसेंबर २०२४ मध्ये आली. आपण पंधरा वर्षं पुढे होतो.

पुढे असून मागे राहिलो, कारण ही शिडी फक्त वर चढते. कॉलेजकडून विद्यापीठाकडे, विद्यापीठाकडून राज्याकडे, आयोगाकडे. ज्या आईबापांकडून हमीपत्रावर सही घेतली जाते त्यांच्यापर्यंत ती उतरत नाही. आणि वाचणारं कुणी नाही हे एकदा कळलं की लिहिणाऱ्याचा हातही सैल पडतो. कार्यालयात तक्ता येतो, रकाने असतात: तक्रारींची संख्या, केलेली कार्यवाही, प्रलंबित प्रकरणं. ज्याने सरकारी कचेरीत एक दिवस काढला आहे त्याला पुढचं सांगायला नको. प्रत्येक रकान्यात ‘निरंक’, खाली तारीख आणि शिक्का. मूल्यांकनासाठी नॅकची समिती यायची झाली की तेच कागद स्कॅन होऊन कॉलेजच्या संकेतस्थळावर चढतात: बैठकीचं इतिवृत्त, हजेरीच्या सह्या आणि ‘एकही तक्रार प्राप्त झाली नाही’ हे वाक्य.

या व्यवस्थेला पहिला छेद दिला तो १८००-१८०-५५२२ या मोफत क्रमांकाने. २००९ पासून चालू असलेल्या या हेल्पलाइनवर विद्यार्थ्याला कॉलेजला वळसा घालून थेट तक्रार करता येते, नाव न सांगताही. इथे प्रथमच तक्रारीची मोजणी कॉलेजच्या हातातून निसटली.

लैंगिक छळाच्या बाबतीत रस्ता वेगळा, मुक्काम जवळपास तोच. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेल्या विशाखा निकालानंतर २०१३ मध्ये कायदा झाला आणि २ मे २०१६ ला विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम राजपत्रात आले. प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती आणि दरवर्षी किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या याचा अहवाल आयोगाला. आकडे मागितले की संस्थांकडून हमखास उत्तर येतं, ‘माहिती गोपनीय आहे.’ कायद्याचं कलम १६ तक्रारदार, आरोपी आणि साक्षीदार यांची ओळख झाकायला सांगतं, ते योग्यच आहे. पण नाव झाकायचं असतं, संख्या नव्हे. न्याय मिळाल्याची माहिती ओळख उघड न करता देण्याची मुभा त्याच कलमात आहे, आणि कलम २२ तर प्रकरणांची संख्या संस्थेच्या वार्षिक अहवालात द्यायलाच सांगतं.

या कायद्याच्या अंमलबजावणीची झाडाझडती निघाली ती आपल्या शेजारच्या गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणातून. एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी २००९ मध्ये तक्रारी केल्या होत्या. चौकशी इतक्या घाईत उरकली की १२ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने बचावाची पुरेशी संधी दिली नाही म्हणून कारवाई रद्द केली आणि चौकशी नव्याने करायला सांगितली. चौदा वर्षांनी तक्रारदार आणि आरोपी दोघेही पुन्हा पहिल्या पायरीवर आले. त्याच निकालात न्यायालयाने आदेश दिला की समितीत कोण आहे, संपर्क कसा करायचा, तक्रार कुठे द्यायची हे प्रत्येक संस्थेने संकेतस्थळावर ठेवावं. कायदा होऊन दहा वर्षं उलटल्यावर एवढं सांगायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बसावं लागलं, यातच परिस्थिती स्पष्ट होते.

या सगळ्या इतिहासाचा सर्वांत जड अध्याय मुंबईतला आहे. डॉ. पायल तडवी जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली. मिरजेच्या सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस होऊन ती नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेली. २२ मे २०१९ ला तिने वसतिगृहाच्या खोलीत जीवन संपवलं. वय २६. वरच्या वर्गातल्या तीन डॉक्टर महिलांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, त्यांना अटक झाली. गुन्ह्याला अ‍ॅट्रॉसिटी कायद्याबरोबर १९९९ चा तो रॅगिंगबंदी कायदाही लावला गेला. न्यायालयातला निवाडा न्यायालय करेल. इथे पाहायचं ते कागदाचं. कुटुंबीयांचं म्हणणं, आम्ही आधीच विभागात तोंडी गाऱ्हाणं घातलं होतं. रुग्णालयाकडून सांगितलं गेलं, लेखी तक्रार आली नव्हती. महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी समितीने चौकशी केली आणि छळ झाल्याचा निष्कर्ष काढला, पण तो मृत्यूनंतर. समिती होती, पथक होतं, फलक होते, हमीपत्रं होती. आईने सांगितलेली गोष्ट लिहून घेण्याची जागा त्या यंत्रणेत नव्हती.

पायलच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात भेदभावाच्या आरोपांनंतर जीवन संपवलेल्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला या दोघींनी २०१९ मध्येच सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. भेदभाव रोखण्यासाठी आयोगाचे २०१२ चे विनियम आहेत, त्यांचं पालन होतं का, एवढाच प्रश्न. उत्तरासाठी वाट पाहावी लागली ती २०२५ च्या जानेवारीपर्यंत. तेव्हा न्यायालयाने आयोगाला फर्मावलं की देशभरातल्या विद्यापीठांकडून माहिती गोळा करा: किती ठिकाणी समान संधी कक्ष आहेत, किती तक्रारी आल्या, काय केलं. दोन आयांनी मागितला तेव्हा कुठे हा आकडा गोळा झाला. त्यानुसार जातीय भेदभावाच्या तक्रारी २०१९-२० मध्ये १७३ होत्या, २०२३-२४ मध्ये ३७८.

हा आकडा नीट वाचायला हवा. भेदभाव दुपटीहून जास्त वाढला, असं त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. मुलं बोलू लागली, तक्रार कुठे करायची हे कळू लागलं, हेही कारण असू शकतं. आणि हजारो कॉलेजांच्या देशात वर्षाला १७३ तक्रारी म्हणजे बहुतेक ठिकाणी ‘निरंक’. चिंता ३७८ ची करायची की त्या निरंकांची, हे वाचकाने ठरवावं. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने या विषयावर नवे विनियम काढले, त्यावरून देशभर वाद पेटला आणि महिनाअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. तूर्त २०१२ चेच नियम लागू राहिले.

आत्महत्यांच्या नोंदीतही कॉलेज दिसत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबाने २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यात १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. यात शाळेतली किती, कॉलेजातली किती, कोणत्या कॉलेजात, कोणत्या अभ्यासक्रमात? तक्ता गप्प. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलं. वसतिगृहातल्या खुनाच्या बाबतीतही वेगळं नाही. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात अकोल्याच्या विद्यार्थिनीचा बलात्कार करून खून झाला आणि संशयित तिथलाच रखवालदार निघाला, तेव्हाही आधी घटना आणि मग वसतिगृहांच्या सुरक्षेची तपासणी, हाच क्रम राहिला.

अमेरिकेचा कायदा म्हणजे रामबाण औषध नाही. २०१५ च्या आकड्यांचा अभ्यास तिथल्या विद्यापीठीय महिलांच्या संघटनेने केला तेव्हा ८९ टक्के कॉलेजांनी त्या वर्षी एकही बलात्कार झाला नाही असं कळवल्याचं दिसलं. म्हणजे निरंक तिथेही आहे. फरक इतकाच की तिथला निरंक उघड्यावर आहे. तो पत्रकाराला दिसतो, पालकाला दिसतो, शेजारच्या कॉलेजशी ताडून पाहता येतो आणि खोटा ठरला तर दंड होतो. पेन स्टेट विद्यापीठाला २०१६ मध्ये सुमारे २४ लाख डॉलर भरावे लागले, लिबर्टी विद्यापीठाला २०२४ मध्ये १ कोटी ४० लाख. आपल्याकडे जून २०२५ मध्ये आयोगाने रॅगिंगविरोधी नियम न पाळणाऱ्या ८९ संस्थांना नोटिसा काढल्या. त्यांत आयआयटी मुंबईसह चार आयआयटी होत्या. नावाजलेल्या संस्थांची ही गत, तर तालुक्याच्या कॉलेजचं काय सांगावं!

टेंभुर्णीसारख्या गावांसाठी हा विषय आता आणखी जवळ आला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यांत जालना आहे आणि शेजारचं बुलढाणाही. जिल्ह्यातच डॉक्टर होता येणार ही आनंदाची गोष्ट. पण वैद्यकीय वसतिगृहं ही रॅगिंगच्या इतिहासातली सर्वांत ठणकणारी जागा आहे. अण्णामलै, टांडा आणि नायर ही तिन्ही वैद्यकीय महाविद्यालयंच. नवी संस्था आहे, तिला जुन्या सवयी अजून लागलेल्या नाहीत. नोंदी उघड ठेवण्याची सवय लावायची असेल तर वेळ हीच.

हे करायला संसदेच्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सार्वजनिक संस्थांना आपणहून माहिती जाहीर करायला सांगतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतल्या कॉलेजांनी अहवाल पाठवायचे असतात. वैद्यकीय महाविद्यालयांनी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. ते कॉलेजवार संकेतस्थळावर टाकणं हे एका परिपत्रकाचं काम आहे. नावं नकोत. तक्रारी किती आल्या, तोंडी किती, लेखी किती, हेल्पलाइनवरून किती, पोलिसांकडे किती गेल्या, किती दिवसांत निकाली निघाल्या, समितीच्या बैठका कधी झाल्या, एवढे रकाने पुरेत.

तोवर पालकांनी एक करावं. प्रवेशाच्या वेळी हमीपत्रावर सही करताना प्राचार्यांकडे मागच्या तीन वर्षांचे हे आकडे लेखी मागावेत. मिळाले नाहीत तर दहा रुपयांचा अर्ज आहे, उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. विनाअनुदानित कॉलेज अर्ज घ्यायला नकार देईल, पण त्याने विद्यापीठाला पाठवलेले अहवाल विद्यापीठाकडे मागता येतात. आणि उत्तरात सगळीकडे ‘निरंक’ आलं तर हायसं वाटून घेऊ नये. समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि तोंडी तक्रार कोणत्या वहीत लिहितात, हे पुढचे दोन प्रश्न विचारावेत. ज्या कॉलेजला याची उत्तरं देता येतील त्याचा निरंक खरा मानायला हरकत नाही.